लव्हेंडर: फुलं कधी काढायची, कात्री कुठपर्यंत चालवायची? (मराठवाड्याच्या हवेसाठी)

वळचण, लातूर

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या लव्हेंडरच्या दोन कुंड्यांबद्दल नेमकं विचारायचंय.

पहिलं रोप मागच्या दसऱ्याला आणलेलं. १२ इंची मातीची कुंडी, झाड साधारण दीड फूट, गोल वाढलेलं. पानं राखट हिरवी, कडेला बारीक दाते. संक्रांतीपासून तुरे यायला लागले, आता फेब्रुवारी संपता संपता २५-३० तुरे आहेत. दुसरं झाडही दात्याच्या पानांचंच, पण दोन वर्षांचं. त्याला आजवर कात्री लागलेली नाही. खालचा वीतभर भाग नुसतं लाकूड, साल भेगाळलेली, पानं सगळी वर शेंड्याकडं. मधोमध फाकलंय. तुरे सात-आठच.

फुलं सुकवून कपाटात ठेवायची आहेत, तर तुरा कोणत्या अवस्थेत कापायचा? नुसता दांडा कापायचा की खाली पानांपर्यंत यायचं? दुसरं झाड गुलाबासारखं चार बोटं ठेवून छाटलं तर नव्यानं फुटेल का? व्हिडिओंत कुणी ऑगस्टमध्ये छाटा म्हणतं, कुणी एप्रिलमध्ये. आपल्याकडं एप्रिलात ४२ अंश आणि ऑगस्टात झड. दोन्ही महिने धोक्याचेच वाटतात.

मुरमाड, जालना

आधी दुसऱ्या झाडाचं बोलू, कारण तिथं घाई झाली तर झाड हातचं जाईल. चार बोटं ठेवून छाटू नका. गुलाब, मोगरा, डाळिंब, द्राक्ष ही आपल्या सवयीची झाडं जून लाकडातून डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा कोंब, फोडतात. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी बघितलेल्या माणसाला वाटतं, कोणतंही झाड खरडलं की जोमानं फुटणार. लव्हेंडरच्या जुन्या लाकडात जिवंत डोळे फार थोडे उरतात. पान नसलेल्या लाकडावर कापलं की ती फांदी बहुतेक वेळा कापापासून खाली वाळत जाते, आणि सगळ्या फांद्या तशा कापल्या तर झाडाकडे अन्न तयार करायला एक पानही उरत नाही.

कुठं कापायचं ते हाताला कळतं. एका फांदीवरून शेंड्याकडून खाली बोट न्या. आधी तुऱ्याचा लांब, पानं नसलेला दांडा लागेल. त्याखाली कोवळी फांदी, चिमटीत धरली तर चौकोनी लागते, हिरवट राखाडी. आणखी खाली फांदी गोल आणि तपकिरी होते, मोठी पानं संपतात, पण पेरापेराशी ज्वारीच्या दाण्याएवढे पानांचे झुपके दिसतात. त्याखाली निव्वळ लाकूड. ते झुपके म्हणजे पुढचे फुटवे. कात्री नेहमी त्यांच्या वर, आणि कापाखाली पानांच्या किमान दोन-तीन जोड्या राहिल्याच पाहिजेत. फूटपट्टी हवी असेल तर हिरव्या भागाचा वरचा एक तृतीयांश कापा, दोन तृतीयांश ठेवा. उंचीचा एक तृतीयांश मोजू नका. जुन्या झाडात अर्धी उंची लाकडाचीच असते, तिथं हिशोब चुकतो.

आता जात. दात्याची पानं म्हणजे डेंटाटा, रोपवाटिकेत त्याला बहुतेक ‘फ्रेंच’ म्हणून देतात. आपल्याकडं टिकतं आणि फुलतं ते मुख्यतः हेच. बिनदात्याची, अरुंद, राखाडी पानं असतात ते ‘इंग्लिश’ म्हणजे अँगुस्टिफोलिया, काश्मीरमध्ये आणि जम्मूतल्या भद्रवाहकडे शेतात घेतात ते. त्याला भरघोस फुलायला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग थंडी लागते. परभणीत थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांखाली जातो खरा, पण चार-दोन रात्रींपुरता. म्हणून इंग्लिश लव्हेंडर आपल्याकडं नुसतं हिरवं राहतं आणि माणूस खताचा मारा करत बसतो. डेंटाटाला ती अट नाही. तिसरं स्टोकास, तुऱ्याच्या टोकाला सशाच्या कानासारख्या जांभळ्या पाकळ्या असलेलं. छाटणीचा नियम तिन्हींना एकच: हिरव्यात कापा, लाकडात नको.

महिन्यांचा घोळ कशामुळं होतो तेही सांगतो. इंग्लंड-फ्रान्सकडं इंग्लिश लव्हेंडर जून-जुलैत फुलतं, म्हणून ते फूल संपल्यावर ऑगस्टात छाटतात. भद्रवाहची काढणीसुद्धा जून-जुलैतलीच. आपल्याकडं डेंटाटा हिवाळ्यात फुलतं, तेव्हा वर्षच उलटं फिरवायचं. फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा काढणी, आणि काढणीबरोबरच हलकी छाटणी. होळीनंतर हिरव्याला हात लावायचा नाही, कारण उन्हाळ्यात तीच पानं खालच्या लाकडावर सावली धरतात. उघडी पडलेली साल मे महिन्याच्या उन्हात भाजते, तिला उभ्या चिरा जातात. मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, फक्त मातीला टेकणारी आणि आतली वाळकी पानं-काटक्या काढायच्या, झाडात वारा खेळला पाहिजे. पावसाळाभर कात्री बंद. मुख्य छाटणी घटस्थापना ते दसरा, उघडीप पडून माती वाफशावर आली की. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरची कोवळी फूट येते आणि तिच्यावरच जानेवारीचे तुरे बसतात.

पहिल्या झाडाला आता काय, ते त्यामुळं सोपं आहे. तुरा कापताना नुसता दांडा कापू नका, त्याखालच्या पानांच्या पहिल्या एक-दोन जोड्यांसकट कापा. काढणी आणि हलकी छाटणी एकाच कापात होते.

सुपातली फुलं, परभणी

काढणीचं मी सांगते. यात सगळा खेळ अवस्थेचा आहे. हुरडा जसा दोन दिवस उशीर झाला की कडक होतो, तसंच तुऱ्याचं.

तुरा म्हणजे एक फूल नाही, एकावर एक बसलेल्या बारीक कळ्यांची चवड आहे. खालून वर उमलत जाते. सुकवायचं असेल तर खालच्या एक तृतीयांश कळ्या उमललेल्या आणि वरच्या पूर्ण रंगावर आलेल्या पण मिटलेल्या, अशा वेळी कापा. सगळा तुरा उमलायची वाट बघितली तर सुकताना फुलं गळतात आणि खालची आधीच तपकिरी झालेली असतात. पाण्याच्या फुलदाणीत ठेवायचं असेल तर अर्धा उमललेला चालतो. सगळे तुरे एकाच दिवशी तयार होत नाहीत, डेंटाटाचे तर अजिबात नाहीत. दर चार-पाच दिवसांनी तयार असतील तेवढे काढा.

वेळ सकाळची, दव पूर्ण वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत. फेब्रुवारीत आपल्याकडं साधारण आठ ते दहा. ओले तुरे बांधले तर जुडीच्या आत बुरशी येते. दुपारी कापले तर वास उतरलेला असतो, कारण सुगंधी तेल फुलाच्या देठाशी असलेल्या हिरव्या पेल्यावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं आणि उष्णतेनं उडतं. आदल्या दिवशी पाणी फुलांवर न घालता मातीत द्या.

हत्यार म्हणजे साधी धारदार कात्री पुरते, दांडे मऊ असतात. विळ्यानं ओढून कापू नका, कुंडीतली मुळं हलतात. सिकेटर लाकडाच्या फांदीला लागेल, तोही एकावर एक पाती सरकणारा घ्या. खालच्या सपाट पट्टीवर पातं दाबणाऱ्या कटरनं फांदी चेचली जाते. पाती आधी सर्जिकल स्पिरिटनं पुसा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा.

जुडी लहान बांधा, ३० ते ५० दांड्यांची. दोऱ्याऐवजी रबर वापरा. दांडे सुकताना बारीक होतात, दोरा सैल पडून तुरे एक-एक निसटतात, रबर आवळत राहतं. उलटी टांगा, अंधाऱ्या आणि वाऱ्याच्या खोलीत. गच्चीवर उन्हात टाकू नका, दोन दिवसांत रंग उडतो आणि वास अर्धा होतो. स्वयंपाकघरातही नको, फोडणीचा वास धरतात. परदेशी सल्ल्यात दोन ते चार आठवडे लिहिलेलं असतं, पण आपली फेब्रुवारी-मार्चची हवा इतकी कोरडी की सहा ते आठ दिवस पुरतात. दिवस मोजण्यापेक्षा जुडीच्या मधला दांडा काढून वाकवा. टचकन मोडला तर झालं, वाकला तर अजून दोन दिवस.

मग सुपावर जुडी धरून दोन्ही तळव्यांत हलकेच चोळा, कळ्या सुटतात. दांड्यांचा चुरा चाळणीनं वेगळा करा आणि उरलेली धूळ पाखडा, पण जपून, कळ्या हलक्या असतात, जोरात पाखडलं तर सुपाबाहेर जातात. कोरड्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरून झाकण लावा आणि तिसऱ्या दिवशी काचेच्या आतून बघा. बारीकसा दमट पापुद्रा दिसला तर सगळं परत कागदावर पसरा.

डेंटाटाबद्दल एक खरं सांगायला पाहिजे. याच्या फुलाला इंग्लिशसारखा गोड वास नसतो, थोडा कापराकडं झुकणारा असतो, आणि तो फुलापेक्षा पानात जास्त. म्हणून पुरचुंडी करताना नुसत्या फुलांचा हट्ट धरू नका. छाटलेली कोवळी पानं त्याच पद्धतीनं सुकवून निम्मी-निम्मी मिसळा. जुन्या सुती साडीच्या तळहाताएवढ्या तुकड्यात तीन-चार मोठे चमचे भरून तोंड बांधा. वास मंदावला की पुरचुंडी चुरगळायची, परत येतो. साधारण सहा-आठ महिने चालते. डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवलीत तर लव्हेंडर कळणारही नाही. आणि पैठणीच्या किंवा हिमरूच्या घडीत सुकी फुलं थेट घालू नका, तेलाचा डाग रेशमावर बसला की निघत नाही. पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात किंवा हँगरला. कसर लागू नये म्हणून ठेवणार असाल तर ती मदत करते, पण तिच्यावर विसंबून कपडे वर्षभर न उघडता ठेवू नयेत.

गोदाकाठ, नांदेड

मुरमाडदादांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. मार्चमध्ये नुसते तुरे काढले आणि खरी छाटणी दसऱ्यावर ढकलली तर मधले सहा महिने झाड लांबत राहतं. पावसाळ्यात फूट लुसलुशीत होते, पावसाच्या वजनानं फांद्या बाहेरच्या बाजूला पडतात आणि मधोमध फाटतं. वळचण यांच्या दुसऱ्या झाडाचं फाकलंय ते यातूनच. एकदा मधून फाटलं की तिथं पाणी साचतं आणि कूज सुरू होते. फुलं संपल्या संपल्या हिरव्याचा तिसरा हिस्सा काढला तर झाड बसकं आणि घट्ट राहतं.

मुरमाड, जालना

गोदाकाठ, फाकण्याचं कारण तुम्ही बरोबर सांगितलंत. तिसरा हिस्सा मार्चमध्ये काढायला माझी ना नाही, दोन अटींवर. एक, १५ मार्चच्या आत, म्हणजे फुटव्याला उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आधी तीन-चार आठवडे मिळतात. दोन, गुढीपाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. जाळी नसेल आणि कुंडी उघड्या गच्चीवर असेल, तर उन्हाळ्यात पानांचं छत्र राहू द्यावं हेच बरं. खाली अंगणात, भिंतीच्या पूर्वेला, दुपारी सावली मिळणारी कुंडी असेल तर तुमची पद्धत जास्त चांगली.

जाळी लावतानाही झाडाच्या अंगावर टाकू नका, दोन हात वर बांधा. कुंडी स्लॅबवर थेट ठेवू नका. मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की कुंडीतली मुळं खालून शिजतात. दोन विटांवर ठेवा.

बालाघाट उतार, अंबाजोगाई

छाटणीवर चांगली चर्चा झाली. पण आपल्या भागात लव्हेंडर छाटणीनं मरतं त्याहून जास्त छाटणीनंतरच्या पाण्यानं मरतं. कापल्यावर पानं कमी झाली, म्हणजे झाडाचं पाणी पिणंही कमी झालं. माणूस मात्र नवी फूट यावी म्हणून रोज पाणी घालतो, वर मूठभर युरिया टाकतो. मुळं हवेविना राहतात, कुजतात. वरून झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून आणखी पाणी.

ओळखायचं असं: पानं सुकली आणि माती कोरडी, तर तहान. पानं मलूल, खालची काळपट, आणि माती ओली, तर मूळकूज. दुसऱ्या परिस्थितीत पाणी बंद करून कुंडी पावसाच्या वाटेतून वळचणीखाली न्या. पूर्ण झाड मलूल झालेलं असेल तर ते वाचणं अवघड, हिरव्या शेंड्यांच्या काड्या लगेच लावून घ्या.

पाणी द्यायचं ते वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावर, एकदाच भरपूर, खालच्या भोकातून निघेपर्यंत. दिवस ठरवून देऊ नका. कुंडी उचलून बघा, हलकी लागली की द्या. छाटणीनंतरचे पंधरा दिवस यात आणखी हात आखडता घ्या.

मातीचं म्हणाल तर काळी माती कुंडीत नकोच. पावसात चिकटून बसते, उन्हाळ्यात आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळांना मिळत नाही. दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा भरडा, एक घमेलं पोयटा, आणि अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. जमिनीत लावायचं असेल तर फूटभर उंच गादी करा. परदेशी पुस्तकात लव्हेंडरला चुना घाला असं असतं, ते त्यांच्या आम्ल मातीसाठी. आपली माती आणि बोअरचं पाणी आधीच विम्लधर्मी, चुना घातला की नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसायला लागतो. ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी परत. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी एका दमात सोडून क्षार धुऊन काढा, आणि पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर त्यासाठी तेच वापरा.

खत वर्षातून एकदा, दसऱ्याच्या छाटणीनंतर, दोन मुठी जुनं शेणखत. बास. नत्र जास्त झालं की फांद्या लांब, मऊ, वास कमी, तुरे कमी, आणि मावा पहिला तिथंच येतो.

वळचण, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या झाडाचं आता स्पष्ट झालं. तयार तुरे उद्या सकाळी पानांच्या एका जोडीसकट काढतो.

दुसऱ्या झाडावर तुम्ही सांगितलं तसं बोट फिरवलं. एकूण अकरा फांद्या. त्यांतल्या सहांवर लाकडाच्या वरच्या टोकाला दाण्याएवढे झुपके आहेत. तिघांवर काहीच नाही, नखानं साल खरवडली तर आत हिरवं आहे. दोन आतून तपकिरी, कोरड्या. यांचं काय करावं? झाड टाकून द्यायची इच्छा नाही. आणि घरात विचारतायत, याच्या पानांचा चहा होतो का?

मुरमाड, जालना

छान नोंद केलीत, आता नेमकं सांगता येतं.

तपकिरी कोरड्या दोन फांद्या मेलेल्या आहेत, त्या आजच बुडापासून काढा, त्यांना ऋतू लागत नाही. हिरवी साल पण झुपका नसलेल्या तिघींना हात लावू नका, शेंड्यावरची पानं तशीच राहू द्या. झुपके असलेल्या सहांपैकी आता फक्त दोन घ्या, बाहेरच्या बाजूला सगळ्यात लांब गेलेल्या. झुपक्यांच्या वर अर्धा इंच सोडून कापा, काप थोडा तिरका, म्हणजे पाणी थांबत नाही. उरलेल्या चारांचे फक्त तुरे काढा. दसऱ्याला त्यांतल्या आणखी दोन, पुढच्या फेब्रुवारीत शेवटच्या दोन. वर्षभरात सगळं झाड खाली येतं आणि कोणत्याही वेळी निम्म्याहून जास्त पानं शिल्लक असतात.

कापलेल्या दोन फांद्यांवर तीन-चार आठवड्यांत झुपके मोठे होताना दिसले तर झाडात दम आहे असं समजा. काहीच हललं नाही तर दसऱ्याला पुढं कापू नका, त्याऐवजी भर घालण्याची पद्धत वापरा: मुरूम-वाळूचं मिश्रण फांद्यांच्या मधे, लाकडाचा भाग झाकेपर्यंत भरायचं, फक्त हिरवे शेंडे वर. माती ओलसर ठेवली की दोन-अडीच महिन्यांत त्या लाकडालाच मुळं सुटतात. संक्रांतीनंतर बाजूनं उकरून बघा. मुळं दिसलेली फांदी मुळांखाली कापून स्वतंत्र कुंडीत लावा. हे काम दसऱ्यानंतरच. उन्हाळ्यात भर तापते, पावसाळ्यात कुजते.

फाकलेलं झाड सुतळीनं आवळून बांधू नका, आत हवा कोंडते.

सुपातली फुलं, परभणी

चहाचं: दात्याच्या पानांचं लव्हेंडर स्वयंपाकात आणि चहात नको. त्यात कापूर बराच असतो, चव कडवट औषधी लागते, आणि कापूर पोटात जाऊ नये, लहान मुलांच्या तर मुळीच नाही. स्टोकासलाही तेच लागू. खाण्यात वापरतात ते इंग्लिश लव्हेंडरच्या सुक्या कळ्या, तेही चिमूटभर, आणि कीटकनाशक न फवारलेल्या झाडाच्या.

तेल काढायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तोही सोडा. फुलांतून साधारण शेकडा एक भाग तेल निघतं, म्हणजे तुमच्या ३० तुऱ्यांतून हाती फारसं काही लागणार नाही. खोबरेल तेलात मुरवून केसांना लावायचं असेल तर पूर्ण वाळलेलीच फुलं-पानं घ्या, ओलसर असली तर तेल खवट होतं. एक वाटी तेलाला पाव वाटी सुका पाला, बरणी दोन-तीन आठवडे सावलीत, मग सुती कापडातून गाळा. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस थांबा, काहींना पुरळ येतं.

गोदाकाठ, नांदेड

छाटणीच्या काड्या फेकू नका एवढं सांगायला परत आलो. दुसऱ्या झाडाचा भरवसा कमी आहे, तर त्याची रोपं तयार ठेवणं शहाणपणाचं. काडी तुरा न आलेल्या फांदीची घ्या, तीन ते चार इंच, खालचं टोक पेराच्या लगेच खाली कापलेलं. खालची अर्धी पानं वर ओढून न फाडता कात्रीनं काढा, सालपट निघालं की तिथून सडते. निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली वाळू. काडीनं आधी भोक पाडून मग रोवा, थेट खुपसली तर बुडाची साल सोलली जाते. रूटिंग पावडर (मुळं सुटायला मदत करणारी) असेल तर बुडाला लावून झटका, नसली तरी लव्हेंडर फुटतं.

आत्ता, फेब्रुवारीच्या शेवटी लावलेल्या काड्यांना वेळ कमी आहे. मुळं सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर एप्रिल येतो. तरी सात-आठ लावून ओसरीत, थेट ऊन न येणाऱ्या पण उजेडाच्या जागी ठेवा. वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची असेल तर दिवसातून एकदा उघडा, पानावर थेंब साचले की राखट पानं काळी पडतात. मिश्रण दमट असावं, पिळलं तर पाणी निघू नये. महिन्याभरानं काडी हलकेच ओढून बघा, धरून ठेवल्यासारखी लागली तर मुळं आली. जगलेली रोपं पावसाळाभर आडोशालाच राहू द्या आणि दसऱ्याला सहा इंची कुंडीत हलवा. त्या वेळी प्रत्येक रोपाचा शेंडा पानांच्या चौथ्या जोडीवर खुडा आणि पहिले तुरे दांडा लांबायच्या आत काढून टाका. रोप बुडापासून फांद्या काढतं, आणि दुसऱ्या झाडासारखं नुसतं लाकूड वर चढत नाही.

बालाघाट उतार, अंबाजोगाई

एक जोड. नवीन रोप विकत घेणार असाल तर पान चुरगळून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. निळं साल्व्हिया फुलावर असताना लव्हेंडर म्हणून सर्रास विकलं जातं. त्याचं पान रुंद आणि हिरवं, कापराचा वास अजिबात नाही. आणि पिशवीतून काढताना तळ बघा: मुळं पांढरी हवीत. तपकिरी आणि बोटानं ओढली की सालीसारखी सुटणारी असतील तर ते रोप पहिल्या झडीतच जाईल.

वळचण, लातूर

दोन मेलेल्या फांद्या काढल्या, लांब गेलेल्या दोन झुपक्यांवर कापल्या. त्यांच्या शेंड्यांच्या नऊ काड्या ओसरीत लावल्यात. पहिल्या झाडाचे १४ तुरे आज सकाळी निघाले, बाकीचे अजून मिटलेले आहेत. काढलेले माजघरात टांगलेत. ५० टक्क्यांच्या जाळीचं माप घेऊन ठेवलंय, पाडव्याच्या आधी बांधतो.